केतूचा पहिला हंगाम आणि माझा आवाज

आमच्या घरात केतू सोडून कोणालाही बास्केटबॉल कळत नाही, म्हणून तिच्या पहिल्या हंगामाचा निकाल लावायला केतू सोडून आम्ही सगळे बसलो.

केतू माझ्या थोरल्या भावाची मुलगी. दादाची मालवणात खानावळ आहे. गेल्या वर्षी मुंबईच्या एका क्लबाने केतूला महिलांच्या संघात घेतलं, तेव्हा दादाने "एक वरस बघूया" म्हणून तिला पाठवलं होतं. ते वर्ष संपत आलं, हंगामाच्या शेवटच्या काही मॅच तेवढ्या उरल्या होत्या. दुपारची शेवटची गिऱ्हाईकं उठली, वहिनीने टेबलं पुसली आणि दादाने गल्ल्यावर बसूनच आपल्या चेडवाचा, म्हणजे मुलीचा, विषय काढला. चेहरा असा, की कोणाला वाटावं घराच्या वाटण्या चालल्यात.

"वरसभर खेळला चेडू. पण जाळ्यात बॉल टाकल्यान किती? हाताच्या बोटांर मोजूक येतत! बॉल हातात इलो काय दुसऱ्याक देता. मगे हिका खेळवतत कित्याक?"

"ती गार्ड आसा, दादा. तिचा काम वेगळा," मी म्हणालो.

"काय वेगळा?"

ते मलाही माहीत नव्हतं. (शाळेत मी व्हॉलीबॉल खेळलो होतो. दोन्ही खेळांत जाळं असतं, एवढ्या भांडवलावर मी घरातला तज्ज्ञ होतो.) मी गंभीरपणे म्हणालो, "तां सांगान कळाचा नाय."

"तर मगे माझा ऐक," दादा म्हणाला. "फुडे काय दिसणा नसात तर चेडू परत येवंदे, हंयच रवांदे. बँकेची परीक्षा देवंदे."

आम्हा नवराबायकोला मूल नाही. केतू आमच्याच अंगाखांद्यावर वाढली. हायस्कूलच्या मागच्या सिमेंटच्या मैदानावर ती हा खेळ शिकली. निम्म्या मैदानात बायका सुकट वाळत घालायच्या, आणि बॉल सुकटीत गेला की शिव्यांसकट परत यायचा. त्यामुळे धावता धावता बॉल ताब्यात ठेवणं तिला जे जमलं, ते कुठल्या प्रशिक्षकाने शिकवलेलं नव्हतं. अशी पोरगी बँकेत नोटा मोजत बसणार, हे मला सहन होईना.

"दादा, रविवारी म्हापशाक तिची मॅच आसा," मी म्हणालो. "तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मगे ठरव. चेडू नुसतो बॉलचो पाऊस पाडतला!"

(असं काही होणार नव्हतं. पण मी तारकर्लीला पर्यटकांना बोटीतून फिरवतो. डॉल्फिन दिसणारच असं सांगितल्याशिवाय आमच्याकडे माणूस बोटीत बसत नाही.)

रविवारी खानावळ बंद! मालवणात लोक विचारू लागले, घरात सगळे बरे आहेत ना? वहिनीने वडे आणि कोंबडीची सागोती डब्यात भरली. मी, दादा, वहिनी आणि माझी बायको सुमन असे गाडीत बसलो. सुमनचं माहेर गोव्यातल्या म्हापशाचंच, तेव्हा रस्ता विचारायची गरज नव्हती.

मैदान उघड्यावरचं होतं. आम्ही दोरीला लागून पहिल्या रांगेत बसलो. समोर गोव्याचा संघ, इकडे केतूचा. शिट्टी वाजली, बॉल केतूच्या हातात आला आणि तिने तो दुसरीला दिला.

"दिल्यान!" दादा म्हणाला.

"थांब रे. संधी बघता ती."

बॉल परत केतूकडे आला. तिने तो तिसरीला दिला.

"परत दिल्यान! मेल्या बाबल, पाऊस खंय आसा?"

बाबल म्हणजे मी. दादाचं तोंड उतरत चाललं होतं आणि वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आता आपणच काहीतरी केलं पाहिजे, हे मी ओळखलं. माझा आवाज धंद्यातला आहे. किनाऱ्यावरून हाक मारली तर लाटांपलीकडची बोट मागे वळते. शिवाय दोरीपासून मला सगळं मैदान दिसत होतं आणि सूचना मालवणीत दिल्या की समोरच्यांना काही कळणार नव्हतं. आपली भाषा वेळेला केवढी उपयोगी पडते, असं मनाशी म्हणत मी उभा राहिलो.

"केतू! डावीकडसून घूस! तां उंच चेडू पेंगता हा!"

ती उंच मुलगी दचकून जागी झाली आणि डावीकडे सरकली. केतूचा बॉल गेला.

"उजवीकडे दी! थंय कोण नाय!"

बॉल पोचायच्या आधी तिथे दोघी हजर!

"मागसून येता हा गो एक! सांभाळ!"

मागून येणारी लगेच पुढून आली. सुमनने माझ्या बरगडीत कोपर मारलं. मला वाटलं, तिलाही जोर चढलाय.

"अहो, ऐकतास?"

"गप रव, सुमन! माका विचार करूक दी!"

मी आणखी जोरात सुरू झालो. केतूच्या प्रशिक्षक बाईंनी वळून आमच्याकडे पाहिलं. मी त्यांना हात केला. गोव्याच्या संघाचे प्रशिक्षक मात्र खुर्चीत निवांत बसले होते. त्यांचं काम मीच करत होतो. मध्यंतरापर्यंत केतूचा संघ चांगलाच मागे पडला.

मध्यंतरात ती उंच मुलगी पाणी प्यायला आमच्या बाजूला आली. माझ्याकडे बघून गोड हसली आणि कोंकणीत म्हणाली, "काका, फुडेंय हांगाच बसात हां!"

मी मटकन खाली बसलो.

"लगीन झाल्यापासून माझ्या म्हायेराक तुमी मालवणीतच बोलतास," सुमन शांतपणे म्हणाली. "ती माणसा काय नुसती मान हलयत होती?"

त्याहून वाईट म्हणजे दादा उठला होता.

"बघला तां पुरे झाला. चला घराक. चेडवाक सांगा, सामान घेवन ये."

"बसा," वहिनी म्हणाली.

वहिनीने दादाला 'बसा' म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. दादानेही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण तो बसला.

"चेडू टाकणा नाय कारण तां वाढता हा," वहिनी म्हणाली. "कोणाक काय होया, कोणाचा ताट रिकामा आसा, सगळा बघता आणि वाढता. माझा बघूनच शिकला." मग तिने बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक सोडलं. "पण माझ्यासारखा सगळ्यांच्या मागसून जेवूचा नाय तेणां. थंड झालेला, उरलासुरला."

इतकी वर्षं मी त्या खानावळीत वहिनीच्या हातचं खातोय, पण ती कधी जेवते हे एकदाही विचारलं नाही. मला माझीच लाज वाटली, आणि ती मघाच्या फजितीपेक्षा मोठी होती.

दुसऱ्या भागात मी तोंडाला रुमाल लावून बसलो. केतूच्या संघाने हळूहळू अंतर भरून काढलं. माझ्या गप्प बसण्याने एवढा फरक पडावा, हे मनाला लागलं. शेवटी अगदी एका बॉलचा प्रश्न उरला आणि केतूच्या प्रशिक्षक बाईंनी खेळ थांबवला. केतू पाणी घेण्याच्या निमित्ताने दोरीपाशी आली.

"केतू, बाय, चुकला माझा..."

"काका, गप. ऐक. मी हात वर केलंय की मोठ्यान वरड: केतू, तूच टाक!"

"पण तेंका कळता!"

"कळांदेच," ती म्हणाली आणि गेली.

खेळ सुरू झाला. बॉल केतूकडे आला. तिने हात वर केला. मी उभा राहिलो, छाती भरून घेतली, तोंड उघडलं... आणि आवाजच नाही! लाटांपलीकडे जाणारा आवाज नको तेव्हा सगळा खर्च झाला होता. घशातून नुसता वारा आला.

केतू हात वर करून उभीच. आणि माझ्या शेजारी वहिनी उठली. गिऱ्हाइकाला "भात वाढू?" सुद्धा जी हळूच विचारते, ती वहिनी!

"केतू! पुरे झाला लोकांका वाढूचा! आता तुझ्या ताटात घे गो!"

सगळ्या मैदानाला कळलं. उंच मुलीला तर नक्कीच. तिच्यासकट तिघी केतूवर धावून आल्या. केतूने उडी मारली, बॉल डोक्यावर नेला आणि हवेतच तो जाळ्याखाली एकट्या उभ्या राहिलेल्या आपल्या मैत्रिणीला देऊन टाकला. तिने तो शांतपणे वर सोडला. शिट्टी वाजली. जिंकले!

आम्ही सगळे नाचलो. वहिनी मात्र खाली बसून डोळे पुसत होती.

"परत दुसऱ्याक दिल्यान," ती म्हणाली. तिने मारलेली हाक डाव म्हणून नव्हतीच.

दादा मैदानाकडे बघत होता. मैत्रिणी केतूला उचलून नाचवत होत्या.

"बॉल हेच्या हातात ऱ्हवणा नाय," तो म्हणाला, "पण ती सगळी चेडवां हेच्याच हातात आसत. जावंदे मुंबैक."

केतू आली तेव्हा वहिनीने तिला पायासुद्धा पडू दिलं नाही. डबा उघडला आणि सगळ्यांत आधी तिलाच वाढलं. दादाला भूक लागली होती, पण तो गप्प उभा राहिला. वडे संपवून केतू माझ्याकडे वळली.

"काका, फुडल्या म्हयन्यात आमची मॅच नागपुराक आसा. तू नक्की ये हां."

माझे डोळे भरून आले. एवढं सगळं होऊनही पोरीने मलाच बोलावलं! बसलेल्या घशाने मी कसंबसं विचारलं, "मीच कित्याक गो?"

"थंय तुझा कोणाक कळाचा नाय."

मी अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर गाडीत सगळी अधूनमधून का फिसकन हसतात, हे मला गोव्याची हद्द ओलांडून बांदा आल्यावर कळलं.