एका टाक्याला एक ठोका

कानमिस्त्रींना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. बायको 'अहो' म्हणायची, लेक 'बाबा' म्हणायची, आणि ज्याच्या ज्याच्या घरी शिलाई मशीन होतं तो कानमिस्त्री म्हणायचा. हे नाव काही फुकट पदरात पडलेलं नव्हतं. मशीन दुरुस्तीला आलं की बाकीचे मिस्त्री आधी पेचकस हातात घेत. हे खुर्ची ओढून बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चालवा." पंधरा-वीस टाके पडले की डोळे न उघडताच निकाल लागायचा. "सुई उलटी बसवलीत." नाहीतर, "तेल कधी घातलं होतं? खरं सांगा." समोरचा माणूस खरं सांगायचा, कारण खोटं सांगून उपयोग नाही हे त्याला कळून चुकलेलं असायचं.

चाळीस वर्षं हा उद्योग केल्यावर त्यांचं एक मत पक्कं झालं होतं, आणि मिस्त्रींची मतं पक्की झाली की ती हलवायला पहारच लागायची. मशीन खोटं बोलत नाही. चूक करतो तो चालवणारा. हे ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत, साखर वगैरे न पेरता. बरं, दहातल्या नऊ वेळा ते खरंही निघायचं, त्यामुळे दहाव्या वेळी वाद घालायची कुणाची छाती होत नसे.

पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला. जिने चढणं बंद झालं, पिशवी खुंटीला लागली. पण कान शाबूत होते, आणि लेक हुशार होती. तिने आपला जुना कॉम्प्युटर आणून बापाच्या कामाच्या टेबलावर मांडला, त्याला दोन मोठे स्पीकर जोडले आणि सांगितलं, "बाबा, आता लोक आवाज पाठवतील. तुम्ही घरबसल्या ऐका." स्पीकरना स्वतःचं बटण नव्हतं आणि मिस्त्रींचा फोन होता साधा, नुसता बोलण्यापुरता, त्यामुळे जे काही ऐकायचं ते कॉम्प्युटरवरच. पहिल्यांदा मिस्त्रींनी नाक मुरडलं. महिनाभरात त्यांना त्याची अशी चटक लागली की सकाळचा चहाही ते स्पीकरसमोरच घेऊ लागले.

सगळ्यात जास्त आवाज यायचे ते बावीस मशीनांच्या एका कपडे कारखान्यातून. ती कारखानेवाली मिस्त्रींना पंधरा वर्षं ओळखत होती आणि त्यांच्या शब्दाशिवाय एकही स्क्रू ढिला करू देत नव्हती. बावीस मशीनं, पण तक्रार महिन्याकाठी दोन किंवा तीन. "याला म्हणतात देखभाल," असं मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. ऐकायचं शास्त्रही त्यांनी बायकोला कितीदा समजावलं होतं. कारखान्यातल्या मशीनची सुई एकदा वरखाली होते तेवढ्यात खालचं शटल दोन फेरे घेतं. म्हणून एका टाक्याला एक ठोका ऐकू आला तर दुखणं वर, सुईकडे. दोन ठोके आले तर दुखणं खाली. बायको 'हो का' म्हणायची आणि भाजी निवडत राहायची.

आता मिस्त्रींना दुसरी एक खोड होती, ती टापटिपीची. कामाच्या टेबलावर ज्याचं काम नाही ती वस्तू नको. एका रविवारी त्यांची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे बारीक बारीक चित्रं दाटीवाटीने बसली होती. त्यांनी माउसचं उजवं बटण दाबलं, यादी उघडली, ती आणखी एका यादीत शिरली, आणि तिथे एकेका चित्रासमोर एकेक खटका होता. खटके बघितल्यावर मिस्त्रींचे हात कुठले थांबायला! हे कशाला? बंद. ते कशाला? बंद. एक चित्र भोंग्याचं होतं. आवाज तर येतोच आहे, मग त्याचं चित्र कशाला ठेवायचं? तेही बंद. कोपरा लख्ख झाला. त्या दिवशी मिस्त्री जेवले ते चार घास जास्तच.

सोमवारी कारखान्यातून आवाज आला. मिस्त्री खुर्चीत बसले, डोळे मिटले. काहीच नाही. पुढे सरकले. लांब कुठेतरी कुणीतरी कागद चुरगळावा तसं काहीसं कानावर आलं. त्यांनी कान स्पीकरच्या जाळीला टेकवला. मशीन चालतंय एवढं कळलं. ठोका एक की दोन, ते देवालाच ठाऊक. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. तेच.

दुसरा कुणी असता तर त्याने कॉम्प्युटरला चार शिव्या घातल्या असत्या. पण मिस्त्री कुठल्या तोंडाने घालणार? मशीन खोटं बोलत नाही, ही त्यांची चाळीस वर्षांची शिकवण. म्हणजे मशीन ठीक. म्हणजे बिघडलेलं दुसरं काहीतरी, आणि खोलीत दुसरं होतं तरी कोण? त्यांचे थोरले भाऊ याच धंद्यात, याच वयात ठार बहिरे झाले होते. शेवटी शेवटी भावजय पाटीवर लिहून विचारायची, भात वाढू का. ती पाटी मिस्त्रींच्या डोळ्यांसमोरून हलेना.

त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली नाही असं नाही. भिंतीवरचं घड्याळ ऐकलं. ऐकू आलं, पण हे घड्याळ तीस वर्षं घरात, त्याचा ठोका पाठच आहे, आपण ऐकतोय की आठवतोय कुणास ठाऊक. जमिनीवर सुई टाकून पाहिली. टिंग ऐकू आलं. पण पडताना दिसली होती ना, मग मनाने ते टिंग भरलं असेल. बायकोचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं, पण तिचा आवाज असा की शेजारची माणसंसुद्धा तिला परस्पर उत्तर देत. तो कसला आलाय पुरावा! माणसाला भीती धरायचीच असली की कारणांना तोटा नसतो.

बुधवारी कारखानेवालीचा फोन आला. "मिस्त्री, काय ते सांगा. मशीन बंद ठेवलंय, ऑर्डर अंगावर आलीय." आणि कानमिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा अंदाज ठोकला. "खालचं काम आहे. बॉबिन केस बदला." गुरुवारी सकाळी तिचा निरोप कॉम्प्युटरवर आला: बॉबिन केस बदलली, खटखट तशीच आहे, पुन्हा आवाज पाठवतेय, आज संध्याकाळपर्यंत नक्की सांगा. सोबत नवा आवाज. तोही तसाच, मुंगीच्या पावलांचा.

चुकीचं सांगितल्याची बोच होतीच. त्याहून मोठी भीती ही, की आता सगळ्यांना कळणार. ज्या माणसाचं नावच कान, त्याचे कान गेल्यावर त्याला काय म्हणून हाक मारायची? दुपारी जेवण झाल्यावर मिस्त्री टेबलाशी बसले आणि एका बोटाने टाइप करू लागले. 'बाई, यापुढे दुसरा मिस्त्री बघावा. माझ्याच्याने होणार नाही.' एवढ्याला त्यांना पाव तास लागला. आता फक्त पाठवायचं बटण दाबायचं होतं, आणि बोट पुढे जात नव्हतं.

तेवढ्यात बायको बडीशेपेची डबी घेऊन आली आणि मागे उभी राहून वाचू लागली. लोकांचं लिहिलेलं वाचू नये वगैरे नियम तिच्या गावी नव्हते.

"हे काय लिहिलंय?"

"काही नाही."

"दुसरा मिस्त्री बघा? अहो, तुम्हाला कुणी काही बोललं का? त्या कारखानेवालीला मी बघून घेते."

"तिची काही चूक नाही गं." मिस्त्रींनी बोट कीबोर्डवरून काढलं. "कान गेले माझे. सोमवारपासून मशीनचा आवाजच ऐकू येत नाही. दादाचं झालं तेच."

डबी टेबलावर आपटून बायको शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिने कपाळाला हात लावला.

"अहो, कान नाही गेले. ते चित्र गेलं!"

"कुठलं चित्र?"

"भोंग्याचं. खाली कोपऱ्यात होतं ते." आणि मग तिच्या तोंडून भडाभडा सगळं बाहेर आलं. शनिवारी दुपारी मिस्त्री बाहेर कोचावर पेंगत होते आणि आत कुठल्याशा मशीनची खटखट एकामागून एक वाजतच होती. तिला जरा डोळा लावायचा होता. लेकीने एकदा दाखवलं होतं तसं तिने भोंग्याच्या चित्रावर टिचकी मारली आणि सरकपट्टी मागे ओढून ठेवली. उठल्यावर पूर्ववत करू म्हणून झोपली ती विसरलीच. सोमवारी आठवण झाली तर चित्रच गायब! "मला वाटलं, मीच मोडलं. लेकीचा कॉम्प्युटर, तुमचं कामाचं यंत्र. तुम्ही आपले जाळीला कान लावून बसलेले. म्हटलं, शोधताहेत बिघाड, सापडेल त्यांना. तोवर आपण गप्प बसावं."

"चार दिवस? तू? गप्प?"

"म्हणून तर डोकं दुखतंय चार दिवस!"

चित्र कुणी काढलं हे मिस्त्रींना आता कळलं होतं. सांगायला जीभ रेटत नव्हती, पण बायको बिचारी अपराध्यासारखी बसलेली पाहून त्यांना राहवेना. "तू नाही मोडलंस. रविवारी कोपरा साफ केला मी. भोंगाही मीच काढला." बायको अशी हसत सुटली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. मिस्त्रीही हसले. बऱ्याच वेळाने.

चित्र परत कसं आणायचं ते मात्र दोघांनाही येत नव्हतं. काढताना मिस्त्रींचे हात कसे भराभर चालले होते. आता त्यांना यादीही सापडेना. शेवटी लेकीला फोन लावला. बायकोने फोन धरायचा, ऐकलेलं मोठ्याने सांगायचं आणि मिस्त्रींनी करायचं, अशी वाटणी झाली.

"खालच्या पट्टीवर मोकळ्या जागी उजवं बटण दाबा म्हणतेय."

"दाबलं."

"सगळ्यात खाली सेटिंग्ज लिहिलंय, ते दाबा. आता खाली सरका. चित्रं चालू-बंद करायचं काहीतरी असेल."

"सापडलं. इथेच आलो होतो मी."

"ती विचारतेय, कशाला गेला होतात."

"तिला म्हणावं, पुढचं सांग."

भोंग्यासमोरचा खटका मिस्त्रींनी चालू केला. कोपऱ्यात चित्र टुणकन हजर. त्यावर टिचकी मारली तर सरकपट्टी उघडली, आणि आकडा होता चार. शंभरातले चार. मिस्त्रींनी ती पट्टी ऐंशीवर नेली आणि कारखान्याचा आवाज लावला.

खोली दणाणली. टेबलावरची डबी थरथरली. टाका, ठोका. टाका, ठोका. मिस्त्रींचे डोळे आपोआप मिटले आणि मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं. बायकोला ते दिसलं. तिने लेकीला 'नंतर बोलते' म्हणून फोन बंद केला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरले होते हो मी," असं ती म्हणाली, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "मी तर मेलोच होतो."

मग डोळे पुसून त्यांनी लिहिलेला निरोप एकेक अक्षर करून खोडला आणि कारखानेवालीला फोन लावला.

"एका टाक्याला एकच ठोका आहे. वरचं दुखणं. सुईचा दांडा धरणारा स्क्रू ढिला झालाय, तो आवळा. आणि ऐका. बुधवारी मी सांगितलं ते न ऐकताच सांगितलं होतं. मला ऐकू येत नव्हतं आणि कबूल करायची लाज वाटली. चुकलो मी."

पलीकडे कारखानेवाली हसायला लागली. "मिस्त्री, खरं सांगू? तुमचं चुकलं म्हटल्यावर आमच्या बायकांनी चहा मागवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा! थांबा, ही एक बोलायचं म्हणतेय."

फोनवर दुसरी आली. कापऱ्या आवाजाची. "मिस्त्रीकाका, रागावणार नसाल तर एक सांगते. माझं मशीन चार महिने कुरकुरतंय. मी बोललेच नाही. म्हटलं, तुम्ही म्हणाल माझाच हात वाईट." तिच्या मागून कुणी ओरडलं, "माझंही सांग गं!" मग आणखी एक, मग आणखी दोन. मिस्त्री बोटांवर मोजत गेले. सात मशीनं भरली. महिन्याकाठी दोन-तीन तक्रारी म्हणून ज्या देखभालीचा ते डंका पिटत होते, ती ही होती. मिस्त्रींना लाज वाटली. कान गेल्याच्या भीतीने वाटली होती तशी नाही; ही आतपर्यंत गेली.

"सगळ्यांचं पाठवा," ते म्हणाले. "आणि मशीन सुरू करायच्या आधी जी चालवते तिने बोलायचं. काय होतं, कधी होतं, सगळं."

तासाभरात पहिला आवाज आला. मिस्त्रींनी कागद-पेन्सिल घेतली आणि पट्टी पार शंभरावर नेली. स्पीकरमधून कापऱ्या आवाजाची ती बाई अडखळत सांगू लागली. जाड कापड आलं की काय होतं, सकाळी काय होतं, मध्येच आपल्या दुखऱ्या खांद्याचंही. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली.

आतल्या खोलीतून बायको ओरडली, "अहो, ती बाई मशीन कधी चालवणार? मला झोपायचंय!"

"थांब गं," मिस्त्री लिहिता लिहिता म्हणाले. "ती बोलतेय अजून."