भपक्याचं तेल

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की 'भपका' हा शब्द निरगुडसर ते कळंब या गाडीवाटेवर जन्माला आला आणि त्याच्या बारशाला मी जातीने हजर होतो.

पंडित हसतील, हसोत. भपका म्हणजे आधी ज्वाळेचा किंवा वासाचा एकदम उठलेला लोट, हे त्यांनाही मान्य आहे. थाटमाटाचा अर्थ त्याला मागून चिकटला. कसा चिकटतो, ते मी पाहिलं.

माझ्या मामाच्या मुलाचं लग्न होतं. साखरपुड्यात मुलीच्या चुलत्याने टोमणा मारला होता, "अंधारात आलात तर तुमचं वऱ्हाड वळखायचं कसं, राव?" तेव्हापासून मामाला जेवण गोड लागत नव्हतं. तिन्हीसांजेला गाड्या जुंपल्या त्या हिलाल पेटवूनच. हिलालवाला पुढे चालायचा, चिंध्यांच्या बोळ्यावर तेल ओतायचा आणि ज्वाळा भपकन उठायची. वाटेतल्या वस्तीवर नुसतं कुत्रं भुंकलं, तरी मामा गाडीत उभा राहून ओरडे, "ओत रं! लोक बघत्यात!"

कळंबची वेस आली आणि हिलाल मिणमिणू लागला.

"मालक, बुधला रिकामा झाला."

वेशीत चुलता उभा! मामाने न बघताच मागे हात घातला, हाताला लागला तो तेलाचा तांब्या खाली दिला. "घाल समदं!"

काय उजेड पडला म्हणता! चुलत्याच्या कपाळावरची आठी दिसली, मग ती उलगडतानाही दिसली. "लई झ्याक, पावणं," तो म्हणाला. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं असेल.

तो उजेड मी अजून विसरलो नाही. वेशीतला दगडन् दगड दिसत होता. गाडीत, मामाच्या हातापाशी मात्र अंधार होता.

मांडवात बायका उष्ट्या हळदीची वाट पाहत होत्या. नवऱ्याकडची हळद आणि तेल आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. हळदीची वाटी लगेच मिळाली. तेलाचा तांब्या मात्र गाडीत सापडेना. सापडला तो हिलालवाल्याच्या पायाशी, पालथा. मुलीच्या आत्याने तो उचलला, आत बोट फिरवलं, विझत्या हिलालाकडे पाहिलं आणि भर मांडवात ओरडली, "अवं पावणं, आता नवरीला काय काजळी लावायची?"