हात सोडा आधी

दर्शना कासारेला बोलता यायच्या आधी खुणा करता येत होत्या. आई, मंजुळा, जन्मतः बहिरी. कोपरच्या चाळीत मायलेकींच्या गप्पा हातांनीच रंगायच्या. बाप चिडला की आईची दोन्ही मनगटं धरून ठेवायचा. भांडण तिथेच मिटायचं आणि शेजारणी म्हणायच्या, किती शांत घर! त्या शांततेची दर्शनाला अजून चीड येते.

पुढे ती मूकबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका झाली. कुणी बहिरा माणूस पोलिसांच्या ताब्यात असला की ठाण्याच्या कोर्टातून दुभाषी म्हणून तिला बोलावणं येतं. म्हणजे, कुणाला आठवण झाली तर.

सुदेशच्या वेळी ही आठवण उशिरा झाली. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये तांब्याची तार चोरीला गेली आणि तिथे काम करणाऱ्या या बहिऱ्या पोराला संशयावरून उचललं. पहिल्या रिमांडला न्यायाधीशांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार नाही ना?" मोठ्या माणसाचे ओठ हलले की मान डोलवायची, ही सुदेशची जन्माची सवय. त्याने डोलवली. 'तक्रार नाही' अशी नोंद झाली आणि त्याची परत कोठडीत रवानगी झाली.

दुसऱ्या रिमांडला दर्शना आली, तेव्हा त्याला टाच टेकवता येत नव्हती. हातांना दोर होता आणि दोर हवालदार उत्तमरावांच्या मुठीत.

"हात सोडा आधी," ती म्हणाली.

"आणि पळाला तर? नोकरी जाईल माझी, मॅडम."

"अहो, तोंड बांधलंय तुम्ही त्याचं!"

"तोंड उघडंच आहे की."

उत्तमराव मनापासून बोलत होते. थट्टा करत असते तर परवडलं असतं. या लोकांना किती वेळा तेच ते समजवायचं? तिचं डोकं फिरलं. ती सरळ न्यायाधीशांकडे वळली. "सर, याचे हात सुटल्याशिवाय मी एक शब्द सांगणार नाही." वकिलांत खसखस पिकली, पण न्यायाधीशांनी मान हलवली आणि दोर सुटला.

कुणी मारलं का, दर्शनाने खुणेनं विचारलं.

सुदेशने मनगटं चोळली. उत्तमरावांकडे पाहिलं. मग हात पोटाशी आणून, कुजबुजावं तशा बारीक खुणा केल्या.

"काय म्हणतोय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"विचारतोय, खरं सांगितलं तर परत यांच्याबरोबरच जायचं का?"

"मारलं का, हो की नाही, तेवढं सांगा."

"आधी त्याला उत्तर द्या, सर. मग तो देईल."

न्यायाधीशांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "जेवणानंतर बघू," म्हणत ते उठले.

हे त्याला कुठल्या खुणेनं सांगायचं? दर्शनाला ओरडावंसं वाटत होतं. सुदेश तिच्या हातांकडे आशेनं बघत राहिला. ते हलले नाहीत, तेव्हा तो वळला आणि त्याने आपणहून मनगटं जुळवून उत्तमरावांपुढे धरली.