निळ्या ज्योतीसाठी केशोरीला

नागपूरचं घर सोडताना कुलूप लावलं आणि सवयीने ‘येतो गं’ म्हणालो. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली तरी जीभ ऐकत नाही. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल तर म्हणतील, म्हातारा भ्रमिष्ट झाला. म्हणोत बापडे.

मी फ्रीजचा मिस्त्री. तोही विजेच्या नव्हे, गॅसच्या फ्रीजचा. बाजूला प्रोपेनचा सिलिंडर, मागे खाली मुठीएवढा बर्नर आणि त्या ज्योतीच्या उष्णतेवर वर बर्फ तयार. हे सांगितलं की लोकांना मी थापा मारतोय असं वाटतं. एके काळी जंगलातले कॅम्प आणि आडगावचे दवाखाने करत मी महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असे. आता सगळीकडे वीज पोचली, सोलर आलं. मला फोन करणारं एकच घर उरलं, केशोरीच्या पुढचं अनुसयाबाईंचं.

अनुसयाबाई साधारण माझ्याच वयाच्या, निवृत्त अंगणवाडी सेविका. शेतावरच्या घरात एकट्या राहतात. वादळ झालं की तिथली वीज दोन-दोन दिवस जाते. त्यांचे यजमान नागझिऱ्याकडच्या एका खासगी कॅम्पवर स्वयंपाकी होते. तो कॅम्प बंद पडला तेव्हा तिथला फ्रीज त्यांनी घरी आणला. यजमान गेले, फ्रीज राहिला, आणि आता त्यात बाईंचं इन्सुलिन असतं. तो थंड होईना, तेव्हा त्यांच्या पुण्याच्या मुलाने मला फोन केला. म्हणाला, काका, भरवशाचा होत असेल तर ठीक, नाहीतर रविवारी येऊन आईला कायमची घेऊन जातो. बाईंना जायचं नव्हतं. गुरुवारी सकाळी मी गाडीत बसलो.

गोंदियाला उतरलो तर बल्लारशाकडची गाडी दोन तास लेट. चहावाला म्हणाला, “बैठ जाओ अंकल, कहीं भागी नहीं जा रही.” बसलो. दोन समोसे खाल्ले. पिशवीतून फ्रीजची चिमणी (ज्योतीवरचं धुराडं) घासायचा लांब तारेचा ब्रश बाहेर डोकावत होता. शेजारच्या माणसाने तो काय आहे ते विचारलं, तेव्हा मी फ्रीज, ज्योत, चिमणी असं सगळं खुलवून सांगायला लागलो. बऱ्याच दिवसांनी कोणी विचारलं होतं. त्याची गाडी आली आणि तो मधेच उठून गेला. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

अर्जुनीला उतरून बस धरली. एप्रिलचं ऊन. कुठे बांध्या (भाताची खाचरं) कोरड्या ठणठणीत, तर कुठे पाण्याच्या सोयीने उन्हाळी धान हिरवागार. अंगणाअंगणांत लाल मिरच्या वाळत पडलेल्या. केशोरीच्या पुढे फाट्यावर उतरलो आणि बस गेल्यावर कळलं, पाण्याची बाटली सीटवरच राहिली. पुढचे दोन किलोमीटर मी स्वतःला शिव्या घालत चाललो.

“जय भीम. या जी,” म्हणत बाईंनी आधी तांब्याभर पाणी दिलं. सपरीत (पडवीत) बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी बाबासाहेबांची, आणि कोपऱ्यात माझा जुना दोस्त, तो फ्रीज. इन्सुलिन त्यांनी ओल्या वाळूत रुतवलेल्या मडक्यात ठेवलं होतं. हुशार बाई.

फ्रीजच्या मागे वाकलो आणि डोकं फिरलं. बर्नरभोवतीचा सगळा पत्रा, हवा घ्यायच्या फटीसकट, माती आणि शेणाने लिंपून टाकलेला. काय सुरेख लिंपण! कडा बोटाने गुळगुळीत केलेल्या, वरून छुईचा (भिंतीला फासायच्या पांढऱ्या मातीचा) हात. काडी घालण्यापुरतं भोक तेवढं सोडलेलं. आत ज्योत पिवळी, धुरकट, आणि चिमणी काजळीने गच्च.

“हे कोणी केलं?” मी जवळजवळ ओरडलोच.

“तुमीच तं सांगतलं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “वाऱ्यानं इझते म्हणून फोन केला, तं म्हणले, चहूकडून बंद करा. चूल नाई का लिंपत आपण? तशी लिंपली.”

तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच मी तसं म्हणालो होतो. पंधरा दिवसांपूर्वी दुपारी पडल्यापडल्या फोन घेतला होता आणि उठायचा कंटाळा म्हणून तोंडाला येईल ते सांगून मोकळा झालो होतो. चूल लिंपली की आच टिकते, पण या बर्नरला हवा नाही मिळाली की ज्योत पिवळी पडते, उष्णता उतरते आणि वर विषारी वायू सुटतो. फ्रीज उघड्या सपरीत होता म्हणून निभावलं. आतल्या खोलीत असता तर? माझ्या पाचावर धारण बसली. मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, आधी काम करा जी.

गॅस बंद केला, लिंपण खरवडलं, बर्नर सोडवला. मूळ दुखणं निराळंच होतं. गॅस जिथून बारीक धारेने सुटतो त्या जेटच्या भोकात कोळ्याने जाळं केलं होतं. म्हणून ज्योत अशक्त, आणि अशक्त ज्योत वाऱ्याने विझायचीच. जेटमध्ये तार घालायची नसते, भोक मोठं होतं. स्पिरिटमध्ये भिजवून फुंकर मारली. चिमणीतली पिळाची पट्टी काढून काजळी घासली. थाळीत पाणी घेऊन फ्रीज समतल आहे का ते पाहिलं, सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती तपासली. दिवस मावळायच्या आत ज्योत पेटली, निळी, ताठ.

असा फ्रीज गार व्हायला वेळ घेतो. आत पाण्याची वाटी ठेवली आणि लाखोळीचं (इकडच्या एका डाळीचं) वरण, भात, वांग्याची भाजी जेवलो. बाई समोर बसून वाढत होत्या. कोणीतरी ‘अजून घ्या’ म्हणण्याची सवय मोडली होती, म्हणून नको इतकं जेवलो.

सकाळी वाटीला हात लावला. गार! जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. फ्रीज चालतोय, चूक माझी होती, हे सांगितलं. तो म्हणाला, काका, पुन्हा बिघडला तर? मी अडुसष्ट वर्षांचा, गुडघे गेलेले, आणि माझ्यामागे हे काम येणारं कोणी नाही. खोटं बोलवेना. तसंच सांगितलं. तो म्हणाला, मग मी रविवारी येतो.

बाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. “येऊ नको. काऊन जाऊ मी इथून? जल्मभर चूल पेटवली, हे काऊन नाई जमणार? मिस्त्रीभाऊ, मले शिकवा.”

खरं सांगतो, क्षणभर मला ते नको होतं. या शिकल्या तर मला कोण बोलावणार? पण त्यांच्याकडे पाहिलं आणि लाज वाटली. फोन खिडकीला टेकवला. मी फक्त बोलत होतो, हात त्यांचे. गॅस बंद, बर्नर बाहेर, जेट स्पिरिटमध्ये, फुंकर, ब्रश, फेस, काडी. ज्योत पाहून त्याच म्हणाल्या, “अजून थोडी पिवळी हाय,” आणि पुन्हा सगळं सोडवलं. दुसऱ्यांदा निळी पेटली. पुण्याचा मुलगा सगळं पाहत होता. मग म्हणाला, आई, राहा तू तिथे. मडक्यातलं वापरू नको, केशोरीच्या दवाखान्यातून नवीन इन्सुलिन आण.

ब्रश आणि स्पिरिटची बाटली त्यांच्याकडेच ठेवली. बस आणि गाडी धरून नागपूरला परतलो. घरी येऊन कुलूप उघडलं, पंखा लावला आणि हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकली.

आठवड्याने फोन वाजला. अनुसयाबाई. मी झटकन उठून विचारलं, काय झालं, येऊ का?

“परवा इझला होता. मीच साफ केला. निळा हाय,” त्या म्हणाल्या. “तुमी कायले (कशाला) येऊन राहिले आता? उन्हाचं नका येऊ.”

शाबास ताई, म्हणालो. मनापासून म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र फार एकटं वाटलं.