मावशीची बरणी, दत्तूच्या फळीवर

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकापुढे कापड उलगडत होतो. हातातली कात्री हातातच राहिली. पहिला विचार आला तो त्याच्या बायकोचा, कुसुमवहिनींचा, आणि दुसरा... आता लपवून काय करायचं, दुसरा आला तो मावशीच्या बरणीचा. शाळेपासूनच्या दोस्ताच्या मरणाच्या बातमीत ज्याला बरणी आठवते तो माणूस कसा असेल, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. दत्तूनं केव्हाच ठरवलं होतं. "तू जळका हाय बे, पयल्यापासून," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि वर माझ्याच पाठीवर थाप मारायचा.

जुन्या चिनी मातीच्या बरण्यांचा नाद आधी मला लागला, हे मी आजही सांगतो. गेवराईच्या बाजारात एका भंगारवाल्याकडून पहिली बरणी मी आणली आणि ती बघून हा गडी पेटला. पण मला दुकान सोडत नव्हतं आणि हा पडला एसटीत कंडक्टर! गावोगावच्या बाया याला नावानं ओळखायच्या. कुणी बरणीत रॉकेल ठेवलेलं, कुणी कोंबड्यांना पाणी. हा टिचकी मारणार, कान लावून आवाज ऐकणार, तडा नाही अशी खात्री पटली की गोड बोलून घेऊन येणार. येताना बरणी त्याच्या सीटवर आणि हा उभ्यानं तिकिटं देतोय. एकदा कुणीतरी खवळून म्हणालं, "म्हाताऱ्या मानसाला जागा न्हाई, आन् बरणीला हाय?" तर हा शांतपणे, "ती बी म्हातारीच हाय." सगळी गाडी हसली. त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंती फळ्यांनी भरल्या. माझ्या घरी चार बरण्या बघून पाहुणे विचारायचे, "दत्तूभाऊंचं बघून केलं का?" तेव्हा चहा कडू लागायचा.

पण खरं दुखणं मावशीच्या बरणीचं. घाटनांदूरची ही माझी सख्खी मावशी. तिची बरणी गुडघ्याएवढी, वर गुळासारखी तपकिरी, खाली दुधी. लहानपणी सुट्टीत त्यातल्याच लोणच्यावर मी वाढलो. पुढे मावशी थकली, लोणचं घालणं सुटलं, बरणी कोपऱ्यात रिकामी पडली. मी दर खेपेला मागायचो. ती म्हणायची, "रिकामी कशी देऊ रे? रिकामी बरणी भाईर गेली की घराची चव जाते. भरली की देते." आणि मी शहाणा, ती कधी भरते याची वाट बघत बसलो... वर्षानुवर्षं.

एका ज्येष्ठात दत्तू दुकानात आला तो ती बरणी कवटाळूनच. तोंडाला फडकं बांधलेलं, गच्च भरलेली. "मावशीनं दिली," म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुला कावून? भाचा मी हाय का तू?"

"मी कैऱ्या घिऊन गेलतो. तिचे हात थरथरत्यात, मग मीच फोडल्या. ती सांगत गेली, मी कालवत गेलो. भरली, तर म्हनली, ने आता." मग अगदी भोळेपणानं, "तू कधी कैऱ्या न्हाई का नेल्या?"

कैऱ्या! आमच्याकडे उन्हाळ्यात पायाखाली येतात त्या. त्यानंतर कित्येक महिने मी त्याच्याशी नीट बोललो नाही. तो मात्र दर वर्षी मावशीकडे जाऊन लोणचं घालून देत राहिला, आणि मी गेलो की माझी मावशी मला विचारायची, "दत्तू न्हाई का आला?" तिच्या शेवटच्या आजारपणातही.

तेराव्यानंतर काही दिवसांनी वहिनींकडे गेलो. माझी नजर फळीवर गेली असणार. "भावजी, तुमचा जीव कवापासून तिच्यात हाय, मला ठावं हाय. घिऊन जा," त्या म्हणाल्या. मग हात मागे घेऊन, "पन रिकामी कशी देऊ? आन् यंदा आमच्यात लोणचं घालायचं न्हाई." मरण झालेल्या घरात ते वर्ष लोणचं घालत नाहीत, हे मला माहीत होतं.

या वेळी मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. बाजारातून कैऱ्या आणल्या, आमच्या घरी लोणचं घातलं, डब्यातून नेलं. वहिनींनी बरणीला हिंगाची धुरी दिली, मी लोणचं भरलं. "न्या आता," त्या म्हणाल्या. मी दोन्ही हातांनी बरणी उचलली. इतक्या वर्षांनी ते वजन माझं झालं होतं. फळीवर तिच्या जागी तेलाचा गोल डाग तेवढा उरला... आणि त्या डागाकडे मला बघवेना. मी बरणी होती तिथं ठेवली. "वर्षभर बिनलोणच्याचं जेवणार का? संपलं की सांगा, परत भरतो," म्हटलं. दत्तू गेल्यापासून वहिनी पहिल्यांदा हसल्या.

आता मी अधूनमधून तिथं जेवतो. भेटायला आलेली माणसं पानातलं लोणचं चाखतात, फळीकडे बघतात आणि म्हणतात, "दत्तूभाऊच्या बरणीतलं हाय, चव लागणारच!" कैऱ्या माझ्या, मसाला माझ्या घरचा, मावशीही माझीच. अजूनही जळतं. मी वहिनींकडे आणखी एक फोड मागतो.