हुक आत राहिलेला पट्टा
माळ्यावरचं पोतं काढलं की ग्रीसचा आणि दमट नायलॉनचा वास येतो, आणि जासईच्या घराच्या ओट्यावर बसलेले बाबा डोळ्यांपुढे येतात. बाबा ट्रेलर चालवायचे. माल बांधायचे, एका टोकाला लोखंडी हुक असलेले लांब पट्टे ते मोकळ्या टोकाकडून घट्ट गुंडाळायचे, म्हणजे हुक शेवटी बाहेर राही. मग हुक हातात धरून गुंडाळी मालावरून पलीकडे फेकली की पट्टा सरसर उलगडायचा. क्लीनरने चुकून हुक आत ठेवला तर सगळ्या आळीला ऐकू जायचं, "कोनाचा डोका फोरशील रं!" लकव्याने त्यांचा उजवा हात गेला. हॉस्पिटलातून घरी आल्यावर त्यांनी आधी हे पट्ट्यांचं पोतं मागितलं आणि एका हाताने पट्टा गुंडाळायला घेतला. गुंडाळी सुटायची, पायऱ्यांवरून अंगणात जायची, मी उचलून आणायचे. शेवटी त्यांनी पट्टा हनुवटीखाली दाबून धरला, तोही निसटला. "तू कर," ते म्हणाले. मी भराभर गुंडाळला, वर ट्यूबचं रबर चढवलं आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटांनी चाचपलं. हुक आत राहिला होता. आता ओरडा बसणार म्हणून मी मान खाली घातली. "बरा हाय, पोरी," ते म्हणाले, "ठेव पोत्यान." डॉक्टरांनी जे सांगितलं नव्हतं ते मला तेव्हा कळलं. पुढे ट्रेलर गेला, बाबाही गेले. तो पट्टा अजून तसाच आहे. सोडून नीट गुंडाळावा असं दरवेळी वाटतं, पण चुकला तर ओरडणार कोण?