खपला, काका

गुप्तहेर कादंबरीत खून कोणी केला ते मला आजवर कधीही कळलेलं नाही. शेवटचं पान वाचूनसुद्धा कळत नाही. अर्ध्यावर आलं की नावं एकमेकांत मिसळतात, कोण कोणाची बायको आणि कोण कोणाला ओळखत नसल्याचं सोंग करतंय ते विसरायला होतं, आणि तरीही मी पानं उलटत राहते. का उलटते? बाबांना विचारलं तर ते म्हणत, ‘तुले समजून काय करायचं आहे? वाचत राह्य.’

बाबांकडे अशी पुस्तकं दोन पेट्या भरून होती. मराठी, हिंदी, जे मिळेल ते. भुसभुशीत पिवळा कागद आणि मुखपृष्ठावर हॅटवाला माणूस. गोष्ट कुठल्यातरी परक्या, सदा ओल्या शहरात घडे. खासगी गुप्तहेर एकटा राही, त्याच्या ऑफिसचं भाडं थकलेलं असे, आणि टेबलाच्या खणात बाटली असे. मग एक बाई येई आणि पहिल्या वाक्यापासून खोटं बोले. तो मार खाई, उठे, कपडे झटकी आणि पुढच्या दाराची बेल वाजवी. बाबांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केली, दारूचा थेंब घेतला नाही. पण आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे खणात लपवलेली बाटली त्यांना त्या पुस्तकांतली सगळ्यात खरी गोष्ट वाटे. हॅटचं मात्र त्यांना हसू येई. मे महिन्यात वर्ध्याला यावं त्यानं, म्हणत, डोक्याला दुपट्टा गुंडाळून फिरंल.

या नादात त्यांना एकच सोबती होता, जाम गावचे टायरवाले शेठ. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर त्यांचं दुकान. टायर बदलेपर्यंत ट्रकवाले बाकड्यावर पुस्तकं वाचत आणि तिथेच टाकून जात. ती शेठ वाचत आणि मग वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, वर्ध्याच्या एसटीत कंडक्टरच्या हाती देत. बाबा संध्याकाळी स्टँडवर जाऊन पुडकं घेत आणि आपलं पुडकं परतीच्या गाडीत देत. वर्षानुवर्षं हे चाललं. दोघं भेटत क्वचित, दिवाळीला किंवा लग्नकार्यात, आणि भेटले की खुनांविषयीच बोलत. घरी आल्यावर बाबा पुस्तकाला लगेच हात लावत नसत. आधी गुंडाळीचा पेपर मांडीवर सपाट करून पूर्ण वाचत, जाहिरातींसकट. आईच्या तोंडाचा पट्टा त्यावरून दरवेळी चाले.

त्यांचा एक सिद्धांत होता. ‘कोणं मारलं हे कोणीबी सांगते. माणूस मेला कधी, ते पाह्य. ते सापडलं का सारंच सापडते.’ मी मान हलवत असे. मला ना कोण सापडे ना कधी.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात बाबा बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. कित्येक महिने घरात गेले. काठीवर चालता येऊ लागल्यावर पहिल्यांदा गेले ते स्टँडवर. ओळखीचा कंडक्टर दिसला. गाडी सुटायच्या बेतात, इंजिन सुरू, माणसं दारात लोंबकळलेली. बाबांनी खालून ओरडून विचारलं, ‘जामच्या टायरवाल्याचं काय? पुडकं नाई आलं किती दिवसाचं.’ तो दारातून वाकून म्हणाला, ‘खपला, काका. कधीचाच.’ आणि बेल मारली.

बाबा घरी आले, काठी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, ‘टायरवाला गेला.’

मी म्हटलं, चला, मी घेऊन जाते, घरच्यांना भेटून येऊ. ते नाही म्हणाले. आम्ही बौद्ध, आमच्याकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, त्यांच्याकडे तेराव्या दिवशी तेरवी. आणि ती तेरवी होऊन गेली असणार. जवळच्या माणसाच्या तेरवीला जो आला नाही, त्यानं पुढे कधीतरी दारात उभं राहून काय सांगायचं? ‘कोणत्या तोंडानं जाऊ?’ एवढंच ते म्हणाले. पाय मोडला होता हे कारण त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. ते का वाटू नये, हे मला तेव्हाही कळलं नाही. शेठचा फोन लावून पाहिला, तो बंद होता. बंद असणारच, असं आम्ही दोघांनी धरून घेतलं.

त्या दिवसापासून त्यांनी पुस्तक उघडलं नाही. टीव्हीसमोर बसत, पण आवाज बंद. बोलायचं तर जेवणापुरतं. आई गेली तेव्हाही हा माणूस असा मुका झाला नव्हता, आणि याचा मला थोडा रागही आला. दोन पावसाळे असेच गेले. या दिवाळीच्या साफसफाईत ते म्हणाले, पेट्या रद्दीवाल्याले देऊन टाक.

रद्दीत घालायच्या आधी मी एकेक पुस्तक चाळू लागले, आणि चाळता चाळता वाचू लागले. कॉलेजच्या ऑफिसातून आले की भाजी निवडायची सोडून पुस्तक घेऊन बसत असे. कळत काही नव्हतं, पण त्या हॅटवाल्या गुप्तहेराची सोबत वाटे. त्यालाही काही कळत नसतं. फरक एवढाच, की तो घरी बसत नाही. जातो, विचारतो, दार तोंडावर आपटलं की बाजूच्या दाराशी जातो. आपण असं कुठे करतो? आपण अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाचं सुतक पाळतो. हे मी कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

एका पुस्तकावर टायरच्या दुकानाचा शिक्का होता. परत न गेलेलं, शेठचं. दुसऱ्याची वस्तू घरात कशाला, असं बाबांना सांगून मी एका रविवारी जामला गेले. उन्हासाठी तोंडाला दुपट्टा बांधला होता. मी गुप्तहेर कमी आणि दरोडेखोर जास्त दिसत असणार.

दुकानाच्या जागी मोठं हॉटेल उभं होतं. समोरच्या पानठेल्यावर विचारलं, इथले टायरवाले शेठ वारले ना, त्यांच्या घरचे कुठे असतात?

पानठेलेवाला चुना लावता लावता थांबला. ‘वारले? कोणं सांगतलं तुमाले? प्लॉट खपला त्यायचा. चांगला खपला. मंग ते पोरीकडं राह्यले गेलते, आष्टीले.’

मी तिथेच उभी राहिले. प्लॉट खपला. माणूस मेला तरी आपण खपला म्हणतो, माल विकला गेला तरी खपला, आणि रानात राबला तरी खपलाच. कंडक्टर शेठबद्दल बोलत असता तर ‘खपला’ म्हणाला असता का? वडीलधारा माणूस, रोजची ओळख. ‘गेले’ म्हणाला असता. इतका सरळ पुरावा एका शब्दाच्या शेवटी पडलेला, आणि जन्मभर पुरावे वाचलेल्या बाबांना तो दिसला नाही. पुस्तकातला प्लॉट मला कधी कळला नाही, पण हा प्लॉट त्यांना कळू नये याला काय म्हणावं? मला हसू आलं. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

कोणी भेटलं नाही, पुन्हा जाते, एवढंच बाबांना सांगितलं. शेठना घेऊनच यायचं, दारात उभं करायचं, असं ठरवलं. पुढच्या रविवारी आष्टीची गाडी पकडली. घर विचारत विचारत सापडलं. शेठच्या मुलीनं दार उघडलं. तिच्या मागे भिंतीवर शेठचा फोटो होता आणि फोटोला हार.

मी कोण ते सांगितल्यावर तिनं माझा हात धरला. ‘वर्ध्याचे साहेब कधी गेले हो?’

‘आहेत,’ मी म्हटलं. ‘तुमचे बाबा?’

‘आता पोळ्याच्या आधी.’

आम्ही दोघी पलंगावर बसलो. मग ती म्हणाली, ‘बाबा म्हणत, साहेबाचं काही झालंच असंल, नाईतं पुस्तक आलं असतं. मी म्हणे, फोन लावतो. तं म्हणत, राहू दे, मले ऐकू येत नाई. अन् तिकडून दुसऱ्याच कोणं उचलला तं?’

आत जाऊन तिनं एक पुडकं आणलं. पेपरात गुंडाळलेलं, सुतळी बांधलेली, वर बाबांचं नाव. ‘बांधून ठेवलं होतं. पण आता नवे कंडक्टर घेत नाईत.’

परतीच्या गाडीत पुडकं मांडीवर होतं आणि डोकं चालत नव्हतं. बाबांनी दोन वर्षं ज्याचं दुःख केलं, तो माणूस दोन वर्षं इथे एसटीच्या अंतरावर बसून त्यांचं दुःख करत होता. सांगायचं, तर या वयात त्यांच्यासाठी शेठला दुसऱ्यांदा मारायचं, आणि तेही असं. नाही सांगायचं, तर मी कोण ठरवणारी? त्या पुस्तकांतला माणूसही शेवटी सगळं कळल्यावर अशिलाला सगळं सांगत नाही. मला ते नेहमी लबाडीचं वाटे. आता ते काय वाटतं, तेही कळेना. चिडचिड मात्र झाली, कुणावर तेही ठाऊक नसताना. कंडक्टरवर? तेरवीवर? एका शब्दावर चिडून माणूस करणार काय?

बाबा पलंगावर बसले होते. ‘भेटलं कोणी?’

‘त्यांची मुलगी भेटली. हे तुमच्यासाठी दिलं.’

पुडकं त्यांनी हातात घेतलं. बराच वेळ सुतळीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘खपला होता नं तो?’

‘हो, बाबा,’ मी म्हटलं.

खोटं नव्हतं. शब्दच असा होता की दोन्हीकडून खरा ठरे. त्यांनी कधी, असं विचारलं नाही. मी सुटले. आयुष्यात पहिल्यांदा एखादं प्रकरण माझ्या हातून नीट मिटलं असं वाटत मी चहा ठेवायला आत गेले, आणि आलं किसताना मला बरंच हलकं वाटत होतं.

चहा घेऊन आले तेव्हा पुस्तक उशीजवळ तसंच पडलेलं होतं. बाबांनी गुंडाळीचा पेपर मांडीवर सपाट केला होता, चष्मा कपाळावर सरकवून ते अगदी वरची बारीक ओळ वाचत होते. मग त्यांनी खालच्या कूलरच्या जाहिरातीवर बोट ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

‘पेपर तं यंदाच्या उन्हाळ्यातला आहे.’